सातव्या मजल्यावरचं ऑफिस

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर काम सांगितलं ते अगदी साधं होतं. ‘रत्नागिरीत तुम्ही एवढी वर्षं सीडी-डीव्हीडीचं दुकान चालवलंत. कामाच्या ठिकाणी घडणाऱ्या दहा चांगल्या विनोदी मालिका सुचवा. लोक सुट्टीत बघतील. प्रत्येकीवर चार ओळी पुरेत.’ मी हो म्हटलं. असली यादी मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल अशी माझी समजूत होती. कागद-पेन घेऊन बसलो, पहिलं नाव लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. त्या पहिल्या नावाबद्दलच आता लिहितो. दहा नावं काही होत नाहीत, त्याबद्दल संपादकांनी राग मानू नये.

दुकान मारुती मंदिराच्या सर्कलपासून थोडं आत होतं. दहा बाय बारा फूट, तीन भिंतींना फळ्या, मध्ये गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. आधी कॅसेटी, मग सीडी, मग डीव्हीडी, शेवटी पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क भरून देणं. कायद्याने बघितलं तर निम्मा धंदा बेकायदेशीरच होता, ते कबूल करतो. पण फळीवरची सीडी काढून कुणीही देईल. समोरच्या माणसाला आज काय दिलं की तो हसेल हे ओळखणं, हा माझा खरा धंदा. त्यात मी बऱ्यापैकी पटाईत होतो आणि त्याचा मला माजही होता.

‘तुम्हाला काय आवडतं?’ असं मी कधी विचारत नसे. या प्रश्नाला माणसं खोटं बोलतात, आपल्याला गंभीर सिनेमे आवडतात म्हणून सांगतात. मी विचारायचो, ‘आज कुणावर चिडलाय?’ याचं उत्तर लगेच आणि खरं यायचं. त्यावरून फळी ठरायची. माझ्याकडे कामाच्या ठिकाणच्या विनोदी मालिकांची एक अख्खी भिंत होती: ऑफिसं, बँका, हॉस्पिटलं, पोलीस चौक्या, शाळा, हॉटेलं. त्या भिंतीपुरता माझा एक नियम होता, की ज्याला त्याला त्याच्या स्वतःच्या धंद्याची मालिका द्यायची नाही.

हा नियम मी आपटून शिकलो होतो. आमच्या आळीतल्या एक सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांना मी हौसेने हॉस्पिटलातली मालिका दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत. ‘काय वो सुरेशभाऊ, त्या पेशंटाचं सलाईन संपलंय आणि डॉक्टर गाणं म्हणतायत. मी सबंध वेळ त्या बाटलीकडंच बघत बसले, हसू कधी?’ त्यांना मग पोलीस चौकी दिली, ती त्यांनी तीनदा नेली. पोलीस चौकीतले हवालदार शाळेची मालिका नेत, आणि शाळेचे हेडमास्तर चौकीची. हेडमास्तरांच्या हातात चौकीची डिस्क बघितली की हवालदार माझ्याकडे बघून फक्त मान हलवायचे.

नियमाला अपवाद म्हणून एकदा तहसील कचेरीतल्या एका निवृत्त कारकुनांना मी ऑफिसची मालिका दिली, कारण त्यांनी स्वतःच मागितली. आठवड्याने आले, डिस्क काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, ‘चांगली आहे. पण एवढं एकमेकांशी बोलतात? आमच्यात चौतीस वर्षं कुणी मला घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं नाही.’ हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. तेव्हा तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

बोटीवर जाणारी मंडळी हे माझं हक्काचं गिऱ्हाईक. मिऱ्या, भाट्ये, पावस, पूर्णगड, इकडची पोरं सात-आठ महिन्यांसाठी बोट धरायची, आणि निघण्याच्या आधीच्या आठवड्यात हार्ड डिस्क घेऊन दुकानात यायची. कपड्यांच्या बॅगेआधी डिस्क भरायची असा रिवाजच पडला होता. गल्फला जाणारेही तसेच. समुद्रावर किंवा वाळूत बसून बघायचं असतं म्हणून मी त्यांना भांडणं आणि रडारड कधी भरून दिली नाही. विनोदी भरायची आणि लांब, पुरवून पुरवून बघता येतील अशी.

अश्रफ असाच आला. पूर्णगडचा, सव्विसेक वर्षांचा, बी.कॉम. झालेला. त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर होते, वादळात गेले. अश्रफ तेव्हा पाचवीत होता. त्याच्या आईने, हमीदाचाचीने, त्या दिवसापासून एकच धरून ठेवलं होतं, की माझा पोऱ्या अंगमेहनत करणार नाही, होडीवर चढणार नाही, खुर्चीवर बसून काम करील. एजंटाने क्लार्कची नोकरी म्हणून गल्फला नेला तेव्हा चाचीने सगळ्या वाडीत शिरा वाटला होता.

दोन वर्षांनी तो पहिल्या रजेवर आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, ‘काका, ऑफिसची एखादी मालिका हवी. माझ्यासाठी नको, आईसाठी.’

मी सवयीने त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं काळपट पडली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. खुर्चीवर बसणाऱ्याचे ते हात नव्हते. माझी नजर त्याच्या लक्षात आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्याने सांगून टाकलं. तिकडे उतरल्यावर क्लार्कची नोकरी वगैरे काही नव्हतीच. बर्फाच्या गोदामात काम. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आत गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी, दिवसभर आत-बाहेर. राहायला कंपनीची छावणी, एका खोलीत दहाजण.

‘आईला काय सांगितलंस?’

‘फायली उचलून हात असे झाले म्हणून सांगितलं.’ तो हसला. ‘ती विचारत राहते काका, हापिस कसं आहे, साहेब कसा आहे, खिडकीतून काय दिसतं. माझ्याकडे सांगायला काही नाही. तुम्ही एक मालिका द्या तिला. मी सांगतो, माझं हापिस अगदी असंच आहे, माणसंसुद्धा अशीच आहेत. म्हणजे मग तिला बघत बसता येईल. पण तिला खरं कळता कामा नये. शपथ घ्या.’

मी घेतली. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी भारी वाटलं होतं. इतकी वर्षं मी लोकांना दोन घटका करमणूक देत होतो आणि आज एका आईला तिच्या मुलाची नोकरीच काढून देणार होतो. कपाटातून मी माझी सगळ्यांत लाडकी मालिका काढली. हिंदी, चोवीस डिस्क. विमा कंपनीचं ऑफिस, काचेची इमारत, सातवा मजला, लिफ्ट कायम बंद. साहेब मधुमेही आणि विसरभोळे, दर भागात त्यांचा चष्मा हरवणार आणि तो त्यांच्या डोक्यावरच असणार. एक जाड्या, जो दुसऱ्यांचे डबे खातो. टायपिंग करणारी एक बाई, जी सगळ्यांची लग्नं जुळवत असते. या मालिकेत कुणी कुणाचं वाईट करत नाही, म्हणून ती माझी लाडकी; या यादीत पहिलं नाव लिहिलं तेही तिचंच.

आम्ही दोघांनी मिळून बेत केला. सगळ्या चोवीस डिस्क अश्रफला हार्ड डिस्कवर भरून दिल्या. चाचीला मी महिन्याला दोनच द्यायच्या. म्हणजे अश्रफ छावणीत बसून आईच्या पुढे राहणार आणि फोनवर तिला बातम्या देणार.

चाची महिन्यातून एकदा पूर्णगडच्या एस.टी.ने बाजाराला येत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, ‘भाऊ, अश्रफच्या हापिसासारकी मालिका तुमच्याकडं हाय म्हणं. सांगलान त्यानं.’ डोक्यावरचा पदर नीट करत स्टुलावर टेकल्या. दोन डिस्क मी रुमालात बांधल्यासारख्या कागदात बांधून दिल्या. पुढच्या महिन्यात त्या आल्या त्या सबंध ऑफिस तोंडावर घेऊनच.

‘चष्मेवाल्याने परत चष्मा हरवलान! अश्रफच्या हापिसातला बी तसलाच हाय म्हणं. पोऱ्या माजा सोधून देतो त्याला. आन् तो जाड्या, भाऊ, अश्रफचा डबा खातो काय वो?’

‘खात असेल थोडा.’

‘मंग जास्ती बनवायला सांगतंय त्याला.’

चाची खुळ्या नव्हत्या. मालिका म्हणजे नाटक, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण मुलाने सांगितलं होतं की असंच आहे, आणि दुसरं बघायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी त्या नाटकातलं एकेक घेऊन मुलाच्या आयुष्यात नीट मांडून ठेवलं. लिफ्ट बंद असते म्हणून सात मजले चढून पोऱ्याचे पाय दुखत असतील, म्हणून गावच्या एका जाणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी तेल पाठवलं. त्याच पिशवीत फणसपोळ्या. अश्रफने मला हसत हसत फोन केला. ‘काका, आईने अख्ख्या हापिसाला फणसपोळी पाठवलीन! चष्मेवाल्याची वेगळी बांधलेली, बिनसाखरेची, त्याला डायबेटीस ना!’

‘मग काय केलंस?’

‘वाटली गोदामात. आमच्यात एक बंगाली आहे, वयाने मोठा, त्याला म्हटलं आजपासून तू चष्मेवाला. एक बिहारी आहे, तो जाड्या. आता छावणीत सगळे हीच नावं घेतात. सगळे मिळून बघतो आम्ही ती, खोकी उतरवून झाली की.’

मी फोन ठेवला आणि हे सगळं बायकोला, वासंतीला, रंगवून सांगितलं. ती हसली नाही. ‘एवढं रचताय, मोडलं तर कोण निस्तरणार?’ एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला होता.

डिस्क अठरावर पोचल्या असतील. वैशाखाचे दिवस, आंब्याची गडबड, आणि चाची महिना व्हायच्या आधीच दुकानात आल्या. बाजाराची पिशवी नव्हती. फोन पुढे केला. ‘भाऊ, बगा जरा, बिगाडलाय काय ह्यो. दहा दिस झाले, पोऱ्याचा फोन नाय.’

फोन व्यवस्थित होता. मी अश्रफचा नंबर लावून बघितला, बंद. ‘बॅटरी गेली असेल, नाहीतर कंपनीने सिम बदललं असेल,’ असं काहीतरी मी बोललो.

पुढच्या शुक्रवारी परत आल्या. त्यांच्या भावाचा मुलगा मुश्ताक तिकडेच शेजारच्या शहरात ट्रक चालवत होता. त्याला त्यांनी अश्रफला शोधायला लावलं होतं. ‘त्याला समदी खूण सांगलीय मी. काचेची बिल्डिंग, विम्याची कंपनी, सातवा माळा, लिफ्ट बंद असते. सुट्टीच्या दिसाला फिरतोय बिचारा. दोन बिल्डिंगी बगून झाल्या त्याच्या.’

परक्या देशात एक माणूस आपली एकुलती सुट्टी घालवून, माझ्या फळीवरच्या मालिकेतलं ऑफिस शोधत जिने चढत होता. ते ऑफिस मुंबईतल्या कुठल्यातरी स्टुडिओत पुठ्ठ्याचं केलेलं होतं. अश्रफ खरा कुठे आहे हे रत्नागिरीत फक्त मला ठाऊक होतं. गोदाम शहराच्या कुठल्या टोकाला, छावणी कुठल्या रस्त्यावर, सगळं त्याने मला सांगितलं होतं.

मी बोललो नाही.

का बोललो नाही, याची कारणं मी तेव्हाही मोजत होतो आणि आजही मोजतो. शपथ होती. उद्या त्याचा फोन आला असता आणि आईला सगळं कळलंय हे त्याला समजलं असतं, तर त्याने मला काय म्हटलं असतं? चाचींना धक्का बसला असता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं, तेही लिहितो. बिनसाखरेची फणसपोळी बांधणाऱ्या त्या बाईसमोर ‘मी तुम्हाला वर्षभर फसवत होतो’ हे म्हणायची मला लाज वाटत होती. मी तिला एकोणिसावी डिस्क दिली. तिने ती घेतली. त्या दिवसाचं मला अजून नवल वाटतं.

तिसरा शुक्रवारही तसाच गेला. चाचींचा चेहरा ओढलेला, आवाज बसलेला. ‘मुश्ताक आजून एका सातव्या माळ्यावर जाऊन आला. तिथली मानसं म्हनली, असा कोन नाय.’ त्या गेल्या आणि संध्याकाळी मी घरी आल्यावर वासंतीला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. ‘तो पोरगा काय म्हणेल याचा विचार करताय तुम्ही. ती बाई काय शोधतेय याचा करा. उद्याच्या उद्या जा.’

सकाळच्या गाडीने मी पूर्णगडला गेलो. चाची अंगणात सुकट वाळत घालत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला. मी दुकान सोडून आलोय म्हणजे काय, ते त्यांनी ओळखलं असावं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ऑफिस नाही. बर्फाचं गोदाम आहे. खोकी उचलतो.

‘हातानं?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

त्यांनी हातातली सुकट खाली ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मुश्ताकला फोन लावा. पत्ता सांगा त्याला.’

मुश्ताकला छावणी त्याच संध्याकाळी सापडली. पत्ता असल्यावर किती वेळ लागणार? दारात एका वयस्क माणसाने त्याला विचारलं, कोण पाहिजे. मुश्ताकने नाव सांगितलं. तो माणूस रडायला लागला आणि म्हणाला, ‘मैं चश्मेवाला हूँ।’

अश्रफ गोदामात चक्कर येऊन पडला होता. त्याला आधीपासून ताप होता आणि तो अंगावर काढत होता. या बंगाल्यानेच त्याला गाडीत घातला. त्यानंतर त्याला बघायला जायला मुकादमाने कुणाला रजा दिली नाही. अश्रफचा फोन कुठे गेला कळलं नाही, घरचा नंबर कुणाकडे नव्हता. हॉस्पिटलात तो तीन आठवडे होता, त्यातले कितीतरी दिवस शुद्धीवर. मुश्ताक पोचला त्याच्या चार दिवस आधी तो गेला. तिथेच पुरलं.

डॉक्टर काहीही करू शकले नसते, असं मुश्ताकला हॉस्पिटलात सांगितलं. वासंतीनेही मला ते पुष्कळदा ऐकवलं. असेलही तसं. पण दुसऱ्या शुक्रवारी मी तोंड उघडलं असतं तर मुश्ताक त्याच्या खाटेशेजारी बसला असता. पूर्णगडच्या बोलीत कुणीतरी त्याच्याशी बोललं असतं. त्याच्या कानाला फोन लावून आईचा आवाज ऐकवला असता. ते शेवटचे चार-पाच दिवस मी त्याच्याकडून घेतले, आणि याला दुसरं काही नाव देता येत नाही.

चाळिसावा झाल्यावर चाची दुकानात आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी डिस्क काढल्या. प्रत्येक डिस्क मऊ फडक्याने पुसून कव्हरात घातलेली होती. एकोणीस. मी त्या मोजल्या नाहीत, त्यांनीच मोजून दिल्या. उरलेल्या पाचांबद्दल त्यांनी विचारलं नाही.

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. ‘ऱ्हाऊ द्या भाऊ. चष्मेवाला खरा होता. माज्याशी बोल्लान तो फोनवर. फणसपोळी लय आवडली म्हनला. जाड्या बी खरा होता.’ मग स्टुलावर बसल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. मागच्या सगळ्या भिंतीवर नजर फिरवत राहिल्या.

‘भाऊ, तुमच्याकडं एवड्या मालिका हायत. हापिसाच्या हायत, बँकंच्या हायत, दवाखान्याच्या हायत. गोदामाची हाय काय एकादी? खोकी उचलणाऱ्यांची? हसायची नसंल तरी चालंल. माजा पोऱ्या दिसभर काय करी ते मना बगायचा हाय.’

मी उठलो. पहिल्या फळीपासून सुरुवात केली. माझ्या दुकानात काय आहे आणि काय नाही हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं, तरी मी एकेक कव्हर काढून वाचलं आणि परत ठेवलं. अख्खी भिंत संपायला पाऊण तास लागला असेल. तेवढा वेळ चाची हातात रिकामी पिशवी घेऊन बसून होत्या. शेवटच्या फळीच्या टोकाला पोचलो तेव्हा पुढे काही उरलं नव्हतं.

‘नाही, चाची.’

‘नाय काय,’ त्या म्हणाल्या. पिशवीची घडी घातली, पदर सारखा केला. ‘कोन काढनार.’ आणि पूर्णगडची गाडी धरायला गेल्या. त्यानंतर त्या दुकानात कधी आल्या नाहीत.

दुकान बंद होऊन आता काही वर्षं झाली. फोनवर सगळं येतं, आणि काय बघावं हेही फोनच सांगतो. तरी मी अधूनमधून पुतण्याला सांगतो, जरा शोध रे, गोदामातल्या हमालांवर कुणी विनोदी मालिका काढलीय का. तो शोधतो. या यादीसाठी म्हणून गेल्या आठवड्यातही त्याला शोधायला लावलं. ऑफिसच्या तर पानंच्या पानं निघाली.